अंतर कोणी राखायचे?

प्राणिस्नेही : परभणी जिल्ह्यात वन्य प्राण्यांपासून अंतर राखावे, असे सांगणाऱ्याने ते अंतर कोठून कोठपर्यंत मोजायचे हे आधी दाखवावे. राज्यात सर्वांत कमी वनाच्छादन असलेल्या मोजक्या जिल्ह्यांत परभणीची गणना होते. जिंतूरकडच्या टेकड्या, गंगाखेडच्या बाजूला आलेली बालाघाटाची रांग आणि गोदावरी, पूर्णा, दुधना यांच्या काठची झुडपे वगळली, तर उरलेली काळी जमीन कापूस, सोयाबीन, तूर आणि ऊस यांनी व्यापलेली आहे. येथील रोही, म्हणजे नीलगाय, काळवीट, रानडुक्कर, कोल्हा आणि वानर जंगलातून शेतात येतात असे म्हणण्याची रीत आहे. वास्तविक त्यांतले बहुतेक शेतशिवारातच जन्मतात आणि बांधावरच्या बाभळींखाली, ओढ्यांच्या कपारीत, गायरानात, म्हणजे गावाच्या गुरांसाठी राखलेल्या सामाईक जमिनीत, वाढतात. अशा मुलखात जवळीक ही कोणाची हौस नसून ती जगण्याची अटच आहे. शनिवारी मारुतीच्या देवळापुढे वानरांना हरभरे घालणारा, उन्हाळ्यात हौदात पाणी भरून ठेवणारा, कुत्र्यांनी घेरलेले हरणाचे पाडस उचलून घरी आणणारा माणूस त्या अटीला मायेने उत्तर देत असतो. त्याला दोषी ठरवले, तर पुढच्या पिढीला रोही ठाऊक असेल तो पिकाचा चोर म्हणून आणि साप ठाऊक असेल तो काठीचे लक्ष्य म्हणून.

साशंक : या मांडणीत दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत, आणि धोका नेमका त्या एकत्र होण्यातून निर्माण होतो. शेजारी राहणे वेगळे आणि सलगी करणे वेगळे. स्विस प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास पलायन-अंतराची कल्पना मांडली. परका जीव जितका जवळ आला असता प्राणी पळ काढतो, ते त्याचे पलायन-अंतर. हे अंतर जातीजातीप्रमाणे आणि अनुभवाप्रमाणे बदलते. माणूस वारंवार दिसला आणि त्याने इजा केली नाही, तर ते घटते. त्याला सरावणे म्हणतात. माणूस दिसला की खायला मिळते असा अनुभव आला, तर प्राणी पळायचा थांबून उलट चालून येऊ लागतो, आणि ही अवस्था सरावण्याहून पुष्कळ गंभीर असते. हरभरे घालणाऱ्याच्या हातातून वानर अलगद दाणे उचलते, म्हणून त्याला ते शांत वाटते. तेच वानर दुसऱ्या दिवशी गच्चीवर वाळवण राखत बसलेल्या म्हातारीकडे जाते, तेव्हा तिच्या हाती हरभरे नसतात आणि वानराच्या मनातली अपेक्षा मात्र कालचीच असते. चावा तिला बसतो. पुण्य एकाच्या पदरी आणि जखम दुसऱ्याच्या अंगावर, अशी ही विभागणी आहे, आणि खाऊ घालणाऱ्याला ती बहुधा कधीच दिसत नाही.

प्राणिस्नेही : वानरांचा विषय निघालाच आहे, तर भीतीने काय होते तेही पाहावे. पाथरी तालुक्याला लागून असलेल्या माजलगाव तालुक्यात, लवूळ या गावी, २०२१च्या अखेरीस वानरे कुत्र्यांची पिले उचलून झाडांवर आणि घरांच्या छपरांवर नेत होती व त्यांतली काही पिले वरून पडून मरत होती. गावकऱ्यांच्या सांगण्यावरून २५० हा आकडा जगभरच्या बातम्यांत गेला आणि वानरे सूड घेत आहेत अशी कथा त्याला जोडली गेली. अखेर वनविभागाच्या पथकाने दोन वानरे पकडून दूर सोडली. संपूर्ण टोळीचे युद्ध म्हणून जे रंगवले गेले, ते दोन प्राण्यांच्या बंदोबस्ताने मिटले. वानरांची नीट ओळख असलेल्या माणसाने सुडाच्या कथेवर विश्वास ठेवला नसता. ही ओळख दुरून होत नाही.

साशंक : सुडाच्या कथेबद्दल मतभेद नाही. परंतु दोनच वानरे होती, ही गोष्ट दिलासा देणारी नसून विचारात पाडणारी आहे. वागणे बिघडण्यासाठी सगळी टोळी बिघडावी लागत नाही. माणसांच्या छपरांवर बिनदिक्कत वावरणारा एखाददुसरा प्राणी पुरतो, आणि त्याची किंमत मग त्याच्या जातीतल्या सर्वांनाच द्यावी लागते. शिवाय ओळख दुरून होत नाही, हे मान्य करण्याजोगे नाही. प्राण्यांविषयी आज जे भरवशाचे ज्ञान आहे, त्यातला मोठा भाग त्यांना न शिवता, त्यांच्या माग, विष्ठा, आवाज आणि वेळापत्रक यांवरून मिळालेला आहे.

प्राणिस्नेही : त्याच ज्ञानातले एक उदाहरण जवळिकीच्या बाजूने उभे राहते. जुन्नर परिसरात उसाच्या शेतांतून बिबटे दिसू लागले, तेव्हा २००१पासून ते मोठ्या संख्येने पिंजऱ्यांत धरून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार त्याआधी तेथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, ते नंतरच्या काळात १७वर गेले. उलट अकोले तालुक्यात, दाट मानवी वस्ती आणि बागायती शेती असलेल्या खोऱ्यात, १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे आणि जवळपास तितकीच तरसे राहत असल्याचे त्यांच्याच पुढच्या अभ्यासात आढळले, आणि तेथे माणसांवरचे हल्ले अत्यंत विरळ होते. बळाने लादलेल्या अंतराने धोका वाढला आणि शेजाराने तो वाढला नाही, असा याचा सरळ अर्थ होतो.

साशंक : सरळ अर्थ त्याहून थोडा निराळा आहे. अकोल्याचे बिबटे माणसांच्या घरांजवळ होते, पण माणसांच्या जवळ येत नव्हते. दिवसा उसात दडून राहायचे आणि गाव निजल्यावर कुत्री, डुकरे, शेळ्या यांच्या मागे फिरायचे, अशी त्यांची शिस्त होती. जमिनीवर जे अंतर उरले नव्हते ते त्यांनी वेळेत निर्माण केले होते आणि माणसांनी, कळत नकळत, ते मोडले नव्हते. जुन्नरला जे बिघडले तेही अंतराच्या अतिरेकाने बिघडले नाही. आपला मुलूख ओळखणाऱ्या प्राण्याला पकडणे, हाताळणे, पिंजऱ्यात माणसांच्या गर्दीपुढे ठेवणे आणि अनोळखी ठिकाणी सोडून देणे, ही जबरदस्तीने केलेली जवळीकच होती. म्हणून परभणीत प्रश्न असा विचारावा लागतो की, रोही किंवा तरस येथे असावे की नसावे हा वाद बाजूला ठेवला, तरी त्यांनी आपल्यासाठी राखलेली वेळ आणि आडोसा माणसे मोडत आहेत काय? विहिरीत पडलेल्या कोल्ह्याभोवती गाव गोळा होते, मोबाइल उंचावतात, कोणी दोर टाकतो, कोणी दगड. त्या क्षणी प्राण्याकडे पळण्याचा मार्ग नसतो, आणि पळण्याचा मार्ग नसलेला भित्रा प्राणी हा सर्वांत धोक्याचा प्राणी असतो.

प्राणिस्नेही : विहिरीभोवतीची गर्दी कोणीही समर्थनीय मानणार नाही. परंतु पाडस उचलणाऱ्याचे काय? कुत्री लचके तोडत असताना वनविभागाची गाडी तालुक्याच्या ठिकाणाहून येईपर्यंत हात बांधून उभे राहणे ही शास्त्रशुद्धता असेल, माणुसकी नव्हे. हेमलकशाला १९७३मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, त्यानंतर डॉ. प्रकाश आमटे यांनी शिकारीत आई गमावलेले माकडाचे पिलू माडिया शिकाऱ्यांकडून मागून घेतले आणि त्यातून प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. पुढे शिकाऱ्यांनी पिले मारण्याऐवजी आणून देण्यास सुरुवात केली. एका समाजाची प्राण्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली, ती भाषणांनी बदलली नव्हती.

साशंक : हेमलकशाचे कार्य आदरास पात्र आहे, पण त्याचे अनुकरण करणाऱ्यांनी त्यातली आयुष्यभराची बांधिलकी सोडून बिबट्याला कुरवाळण्याचे चित्र तेवढे उचलले, ही खेदाची गोष्ट आहे. पाडसाबाबत तर दया आणि अज्ञान यांची गल्लत फार झाली आहे. काळविटाची मादी व्याली की पहिले काही दिवस पिलाला गवतात लपवून ठेवते आणि स्वतः दूर चरते, कारण ती जवळ थांबली तर तिच्या वावरामुळे लांडग्याला पिलाचा ठावठिकाणा कळेल; ती फक्त दूध पाजायला येते. पिलू निपचित पडून राहते, माणूस अगदी जवळ आला तरी हलत नाही. हीच त्याची सुरक्षितता असते. खुरपणीला गेलेल्यांना ते दिसते, ते अनाथ समजून घरी आणले जाते, आणि संध्याकाळी आई मोकळ्या जागेपाशी येते. ज्याला बचाव म्हटले जाते, ते अशा वेळी अपहरण असते.

आणि त्यापुढचे परिणाम तर कोणी सांगतच नाही. जन्मानंतरच्या कोवळ्या काळात पिलू ज्याच्या सहवासात वाढते त्यालाच आपल्या जातीचे समजते, हे कोनराड लोरेन्झ यांनी पक्ष्यांमध्ये दाखवून दिले, आणि हाताने वाढवलेल्या अनेक सस्तन प्राण्यांतही त्यासारखे घडते. बाटलीने दूध पिऊन वाढलेला नर काळवीट वयात येतो, तेव्हा माणूस त्याला प्रतिस्पर्धी नर वाटू लागतो. रानातला काळवीट माणसाला पाहून पळतो, घरातला शिंगे रोखून येतो. मग दोनच वाटा राहतात : जन्मभर कोंडून ठेवणे किंवा अशा रानात सोडणे, जेथे त्याला कुत्र्याची भीती ठाऊक नाही आणि कळपाची भाषा येत नाही. १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात शिकारीच्या व्याख्येत पकडण्याचाही समावेश केला आहे, तो या कारणाने अन्यायाचा वाटत नाही. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, कुत्री हाकलावीत आणि पिलू जेथे होते तेथे राहू द्यावे, यात माया कमी होत नाही.

प्राणिस्नेही : कुत्री हाकलून माणसाने घरी जायचे आणि कुत्री पुन्हा यायची, हे या सल्ल्यात धरलेले नाही. तरीही लपवलेल्या पिलाविषयीचे हे ज्ञान गावोगाव पोहोचले पाहिजे, हे मान्य. पण ते पोहोचवणार कोण? सापांच्या बाबतीत हे काम सर्पमित्रांनी केले. एके काळी घरात निघालेला प्रत्येक साप मारला जाई, मग ती धामण असो की दिवड. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी जाती सोडल्या तर गावात वारंवार दिसणारे बहुतेक साप माणसाला घातक नाहीत, ही गोष्ट खेड्यातल्या मुलाला कळली ती पुस्तकातून नव्हे, हातात साप धरून बोलणाऱ्या तरुणामुळे. दंश झालेल्याला मांत्रिकाकडे नेण्याऐवजी रुग्णालयात न्या, हेही त्यानेच सांगितले.

साशंक : आणि त्याच हातातल्या सापामुळे पाहणाऱ्याला वाटले की नाग खेळवता येतो. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००, असा अंदाज मोठ्या मृत्युपाहणीवरून काढण्यात आला आहे. हे मृत्यू मुख्यतः खेड्यांतले, पावसाळ्यातले आणि घरातच किंवा शेतावर झालेले आहेत. रात्रीच्या पाळीत वीज आली म्हणून अंधारात पाणी द्यायला उठलेला शेतकरी, जमिनीवर निजलेली ऊसतोड कामगाराची मुले, यांना सापाशी जवळीक नको होती. त्यांना हवी आहे बॅटरी, बूट, खाट आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविष. सापाचा फणा चेहऱ्यापुढे धरून काढलेल्या चित्रफितीने यातले काहीच मिळत नाही. बत्तीस शिराळ्याच्या जिवंत नागांच्या पूजेवर उच्च न्यायालयाने २०१४मध्ये निर्बंध आणले, तेव्हा श्रद्धा दुखावली असे म्हटले गेले. परंतु श्रद्धा असो की प्रबोधन, पकडलेल्या नागाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच असतात.

प्राणिस्नेही : चित्रफितीचा मोह निंद्य आहे. पण घरात नाग निघाल्यावर ज्याला बोलावता येईल असा माणूसच उरला नाही, तर काठी परत येईल. तो माणूस शिकलेला, नोंदणी केलेला, सापाला लांब चिमट्याने उचलून शांतपणे सोडून देणारा असावा, एवढे म्हणता येते. त्याला नष्ट करता येत नाही.

येथे वादातले एक वळण नोंदवणे आवश्यक वाटते. दोन्ही पक्ष आतापर्यंत स्पर्शाविषयी बोलत होते : कोणी शिवले, कोणी उचलले, कोणी खाऊ घातले. परंतु परभणी जिल्ह्यावर अलीकडच्या काळात जे सर्वांत ठळक संकट आले, त्यात वन्य प्राण्याला कोणी शिवल्याचा प्रश्नच नव्हता.

साशंक : जानेवारी २०२१मध्ये परभणी तालुक्यातील मुरुंबा येथे सुमारे ८०० कोंबड्या काही दिवसांत मेल्या आणि भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने बर्ड फ्लूचे निदान केले. परिसरातल्या कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या आणि वाहतूक बंद झाली. त्याच हिवाळ्यात हिमाचलातल्या पोंग जलाशयावर स्थलांतरित हंस हजारोंनी मेले होते आणि राजस्थान, मध्य प्रदेशात कावळे पडत होते. या रोगाचे विषाणू रानातल्या पाणपक्ष्यांत दीर्घकाळ वावरतात, आणि उघडे पाणी, विष्ठा, सांडलेले खाद्य यांतून ते खुराड्यापर्यंत पोहोचू शकतात. प्राण्याला कधी न पाहिलेला माणूसही असा त्याच्या जवळ असतो. दोडामार्ग तालुक्यात २०१६पासून आढळलेला माकडताप गोचिडांतून येतो. मेलेल्या माकडाजवळ काजूच्या बागेत काम करणाऱ्याला तो गाठतो. महाबळेश्वरच्या गुहेत मार्च २०२०मध्ये पकडलेल्या वटवाघळांत निपाह विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला आढळली. प्रतिद्रव्ये म्हणजे शरीराने पूर्वी त्या विषाणूशी दिलेल्या झुंजीची खूण. गुहेत शिरून वटवाघळे उठवण्याचे साहस करणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

प्राणिस्नेही : या उदाहरणांत दोष मात्र एकाच बाजूला टाकला गेला. बर्ड फ्लूचा आजचा घातक वंश १९९६मध्ये चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतात पाळीव हंसांत प्रथम सापडला; दाटीवाटीच्या पाळीव पक्ष्यांत तो जहाल झाला आणि तेथून रानपक्ष्यांत गेला. पोंगचे हंस हे आपल्या कुक्कुटपालनाचे बळी आहेत, असेही म्हणता येईल. माळावरच्या लांडग्याला आणि खोकडाला गावातल्या कुत्र्यांकडून रेबीज मिळतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर त्यावर जवळजवळ कधीच उपाय चालत नाही. वन्य प्राण्याच्या अति जवळ जाण्याचा धोका माणसाला असेल, तर माणूस आणि त्याचा गोतावळा अति जवळ आल्याचा धोका प्राण्याला त्याहून मोठा आहे. ही बाजू भीतीच्या भाषेत सांगताच येत नाही. २०२०नंतर वटवाघळांची झाडे तोडा अशी मागणी देशात ठिकठिकाणी झाली, ती शास्त्रज्ञांच्या निष्कर्षांतून नव्हे, त्या निष्कर्षांच्या भीतीतून.

साशंक : हा मुद्दा स्वीकारणे भाग आहे, आणि त्याने मूळ प्रश्नाचा आकार बदलतो. जवळीक चांगली की वाईट, हा प्रश्न आता अपुरा ठरतो. जवळीक निवडलेली आहे की लादलेली, आणि तिचा भार कोणावर पडतो, असे विचारावे लागते. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्हीकडून अडवली, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. तेथली जवळीक पैसे देऊन निवडलेली होती. गाड्यांना सरावलेली वाघीण उद्या ज्या मोहफुले वेचणाऱ्या बाईपासून दूर सरणार नाही, तिने ती निवडली नव्हती. परभणीच्या देवळापुढचा दाता आणि गच्चीवरची म्हातारी यांच्यातही हेच नाते आहे.

प्राणिस्नेही : मग मायेने करायचे तरी काय? माया हाताला काम मागते. नुसते लांब थांबा म्हणून ती थांबत नाही, ती उदास होते आणि पुढे बेफिकीर होते. शिवारात कठडे नसलेल्या विहिरी आहेत, त्यांत दर उन्हाळ्यात रोही आणि कोल्हे पडतात. कठडा बांधणे ही न शिवता केलेली माया आहे. ओढ्याकाठची झुडपे न जाळणे, गायरानातले गवत राखणे, उकिरड्यावर उष्टे न टाकणे, कुत्र्यांना लस टोचणे, ही सारी कामे त्याच जातीची आहेत. हरभरे घालणाऱ्याला या कामांत आणता आले, तर साशंकतेलाही आक्षेप उरू नये.

साशंक : आक्षेप उरतो, आणि तो प्राणिशास्त्राचा नाही. विहिरीला कठडा बांधायचा तो शेतकऱ्याने, ज्याची उगवलेली तूर रोह्यांचा कळप एका रात्रीत खाऊन जातो आणि जो थंडीत जागलीवर बसतो. पीक खाणाऱ्या रोह्यांना आणि रानडुकरांना परवाना घेऊन मारण्याची वाट शासनाने २०१५मध्ये मोकळी केली. परवाना नको वाटणारे कुंपणात वीज सोडतात, आणि त्या तारेला डुकराप्रमाणे शेजारचा माणूसही चिकटतो. नुकसानभरपाईचा अर्ज, पंचनामा आणि प्रतीक्षा यांत हंगाम निघून जातो. अशा शेतकऱ्याला प्राण्याविषयी माया वाटावी, अशी अपेक्षा ज्यांच्याकडे शेत नाही त्यांनी करणे सोपे आहे.

प्राणिस्नेही : म्हणूनच गायराने राखली पाहिजेत. प्राण्याला चरायला आणि दडायला स्वतःची जागा मिळाली, तर तुरीवरचा ताण काही अंशी उतरेल आणि अंतर आपोआप पडेल.

साशंक : मराठवाड्यातली गायराने मोकळी पडलेली नाहीत. भूमिहीन दलित आणि आदिवासी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तेथे कसत आली आहेत; त्यांनी त्यासाठी लढे दिले, मार खाल्ला, आणि १९९०पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१मध्ये मिळवला, त्याची अंमलबजावणीही पुष्कळ ठिकाणी अपुरी राहिली आहे. प्राण्यांपासून अंतर राखायचे तर त्या अंतराला जमीन लागते, आणि जी जमीन सहज मागता येते ती नेहमी ज्यांच्याकडे सर्वांत थोडी आहे त्यांचीच असते. बागायतदाराचा ऊस मागे सरकवा, असे कोणी म्हणत नाही, मग तो ऊस बिबट्याला आणि रानडुकराला कितीही आसरा देवो.

प्राणिस्नेही : बांधापासून हातभर मागे सरण्याचे काम मोठ्या शेतापासून सुरू व्हावे, ओढ्याची मूळ रुंदी त्याला परत द्यावी आणि त्याचा मोबदला प्राण्यावर प्रेम असल्याचे सांगणाऱ्या शहराने भरावा, असे म्हटले तर?

साशंक : तर हा वाद प्रथमच योग्य माणसांसमोर जाईल. ते काय उत्तर देतील, हे मात्र आज दोघांनाही सांगता येणार नाही.